बुरशी लागलेल्या सात पर्स : खरेदीचा हात आवरायची आणि चार पैसे मागे टाकायची रीत

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. चार दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कपाटाचं दार फुगून बसलं होतं, ते गुडघा लावून ओढलं आणि आतून तो वास आला. गोव्यात ज्यांचं घर आहे त्यांना तो वास समजावून सांगायला नको. वरच्या कप्प्यात माझ्या पर्स होत्या, आणि सगळ्यांवर पांढरी, कापसासारखी बुरशी. मोजल्या तर सात. पुसायला घेतल्या तर चार पर्समध्ये अजून कागदाचे बोळे होते, दुकानातून भरून येतात तसेच. म्हणजे त्या एकदाही माझ्या खांद्याला लागल्या नव्हत्या.

सासूबाई मागे उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. व्हिनेगरची बाटली आणि जुन्या धोतराचा फडका आणून दिला आणि गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गंमत म्हणजे मी पणजीत एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. दिवसभर लोकांची बिलं तपासायची, दोनशे रुपयांच्या टॅक्सीच्या पावतीवर सही नसली तर परत पाठवायची. पगार ३४,००० रुपये, नोकरीला अकरा वर्षं झालेली, आणि त्या १९ तारखेला माझ्या खात्यात ३,२१२ रुपये होते. भविष्यनिर्वाह निधी कंपनीच कापते म्हणून तेवढा तरी होता. त्यापलीकडे माझ्या नावावर काही नाही.

त्यानंतर जे केलं, त्यातलं जे फसलं आणि जे टिकलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात, म्हणजे आधी एसआयपी, म्युच्युअल फंडाचा दरमहाचा हप्ता, काढतात, मग तिसऱ्या महिन्यात हप्ता परत जातो. मीही तेच केलं होतं, दोनदा.

तीन महिन्यांचं स्टेटमेंट, कागदावर

बँकेच्या ॲपमधून मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट उतरवा आणि झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. स्क्रीनवर बघू नका. स्क्रीनवर बोट वर सरकवायची आपल्याला इतकी सवय आहे की नको ती ओळही तशीच सरकून जाते. कागदावर पेन टेकवावं लागतं. मग दोन रंग घ्या. जे लागणारच होतं त्याला एक, आणि जे नसतं घेतलं तरी कोणाचं काही अडलं नसतं त्याला दुसरा.

यूपीआयच्या ओळींमध्ये दुकानाच्या नावाऐवजी मालकाचं किंवा कसलंतरी लांबलचक नाव येतं, पटकन ओळखता येत नाही. त्यासाठी फोनमधल्या पेमेंट ॲपचा इतिहास शेजारी उघडून ठेवा. तिथे वेळही दिसते, आणि खरा माल तोच आहे. प्रत्येक दुसऱ्या रंगाच्या ओळीपुढे वेळ लिहा.

माझ्या कागदावर अशा ३८ ओळी निघाल्या. त्यातल्या २३ रात्री साडेनऊनंतरच्या. सात सकाळी आठ ते नऊच्या मधल्या, म्हणजे डिचोली-पणजी बसमध्ये खिडकीशी बसून केलेल्या. उरलेल्या आठांतल्या पाच पगार झाल्यापासून चार दिवसांतल्या. तोवर मला वाटत होतं की मला कपड्यांची हौस आहे. हौस कसली, रात्री भांडी झाली, मुलगा झोपला की दिवसातली पहिली मोकळी अर्धी घटका मिळायची आणि त्या वेळी हातात फोन असायचा. तिथे फोनऐवजी खोबऱ्याच्या वड्यांचा डबा असता तर मी वड्या खाल्ल्या असत्या.

तुमची वेळ वेगळी निघेल. आमच्या ऑफिसातल्या एकीची शनिवार दुपार निघाली, दर शनिवारी मैत्रिणींबरोबर पर्वरीच्या मॉलमध्ये. एका शेजाऱ्याची निघाली ती बॉसशी वाजलं की. मोटारसायकलला दोन हेल्मेटं पुरतात, त्याच्याकडे पाच आहेत. वेळ कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचे सगळे उपाय त्या वेळेभोवती बांधायचे आहेत.

एक सूचना. यूपीआय लाइट, म्हणजे पिन न टाकता छोटे पैसे द्यायची सोय, वापरत असाल तर त्यातले छोटे खर्च बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकेक दिसत नाहीत, फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक ओळ दिसते. त्यांचा हिशेब ॲपमध्येच बघावा लागतो.

कपाट मोजा

हे एका रविवारचं काम. सगळं पलंगावर काढा आणि किंमतपट्टी न फाडलेल्या वस्तू बाजूला करा. माझ्या अकरा निघाल्या, पर्स सोडून. त्यांच्या किमती कागदावर लिहिल्या, बेरीज केली, आणि तो कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला डकवला. बेरीज सांगत नाही, नवरासुद्धा हे वाचेल.

हात आणि पैसा यांच्यात अंतर

मनाचा निग्रह वगैरे विसरा. रात्री अकरा वाजता थकलेल्या माणसाला निग्रह नसतो. तेव्हा दिवसा, डोकं शांत असताना, अशी व्यवस्था लावून ठेवायची की रात्री खरेदी करायची झाली तर कटकट व्हावी. दोन टिचक्यांत होणारी गोष्ट दहा मिनिटांची झाली की बहुतेक वेळा आपण कंटाळतो आणि झोपतो. आपल्या आळसालाच कामाला लावायचं.

सुरुवात कार्डांपासून. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक बँकेला कार्डाचा ऑनलाइन वापर, परदेशी वापर आणि टॅप करून पैसे देणं वेगवेगळं चालू-बंद करायची सोय ग्राहकाला द्यावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात ती बटणं सापडतात. ऑनलाइन वापर बंद करा. रेल्वेचं तिकीट काढायचं असेल तेव्हा चालू करा, काम झालं की बंद. मग प्रत्येक खरेदीच्या ॲपमध्ये जाऊन जपून ठेवलेली कार्डं पुसून टाका.

आता यूपीआय, जिथे खरी गळती असते. मी दोन खाती केली. पगाराच्या खात्याला यूपीआय नाही. पेमेंट ॲपमधून ते खातं काढून टाकलं. दुसरं बचत खातं दुसऱ्या बँकेत, आणि फोनमध्ये फक्त तेच जोडलेलं. दर सोमवारी पगाराच्या खात्यातून त्यात २,५०० रुपये आपोआप जातात, बँकेत एकदा स्थायी सूचना दिली की झालं. आठवड्याचा सगळा वरखर्च, बस, चहा, मुलाची वही, सगळं त्यातून. गुरुवारी संपले तर शुक्रवारी डबा आणि पायी.

पहिले दोन आठवडे ते गुरुवारीच संपले. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी. यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही, रक्कम चुकलेली असते. माझी चूक नुस्त्याची होती. घरात मासे लागतातच, रविवारी बाजारात भाव चढलेले असतात, आणि जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा तर विचारायलाच नको. तो खर्च मी वरखर्चात धरला होता. त्याची वेगळी रोकड काढून फ्रिजवरच्या डब्यात ठेवायला लागले, तेव्हा कुठे २,५०० चा ताळा लागला. तुमच्याकडेही असा एखादा खर्च असेल जो रोज वेगळा असतो आणि टाळता येत नाही. तो आधी बाहेर काढा.

यूपीआय लाइट बंद ठेवा असं मी म्हणेन. हजार रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे जाणं ही घाईतल्या माणसाची सोय आहे. आपल्याला पिन टाकायचा तो एक क्षण हवाच आहे.

त्याच ॲपमध्ये आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचा, ऑटोपे नावाचा भाग असतो, तो उघडा. मी एका गाण्यांच्या ॲपचे, एका व्यायामाच्या ॲपचे आणि मुलाने लॉकडाऊनमध्ये चालू केलेल्या चित्रकलेच्या वर्गाचे पैसे भरत होते. महिन्याला ५४७ रुपये, वर्षाला साडेसहा हजारांवर. असे हप्ते कापण्याच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं, आणि ते कळवतातही. फक्त तो मेसेज सेलच्या पन्नास मेसेजांच्या खाली गाडला जातो.

म्हणून मेसेज. १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टार्ट’, मग मोकळी जागा आणि ० असा मेसेज पाठवला की जाहिरातींचे फोन-मेसेज अडवले जातात. ॲपच्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात. मी खरेदीची ॲप्सच काढून टाकली. हवंच असेल तर ब्राउझरमध्ये उघडायचं, पासवर्ड हाताने टाकायचा. पासवर्ड मी मुद्दाम लांब ठेवला आणि तो सासूबाईंच्या गीतेच्या प्रतीत मागच्या पानावर लिहिला. रात्री अकराला त्यांच्या देवघरात शिरून गीता काढायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

दुकानदार काय करतात तेही ओळखायला शिका. ‘फक्त २ उरले’, ‘सव्वातीन मिनिटांत ऑफर संपेल’, न मागता टोपलीत पडलेला विमा, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं लिहिलेलं नकाराचं बटण. याला केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावं देऊन मनाई केली आहे, असे १३ प्रकार आहेत. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण तक्रारीपेक्षा मोठा फायदा वेगळा. एकदा ही युक्ती आहे हे कळलं की तो लाल घड्याळाचा काटा बघून छातीत धडधडत नाही. जादूगाराच्या बाहीतला पत्ता दिसल्यासारखं होतं.

आईचा पुरुमेंत आणि माझी वही

इथवरचं सगळं अडवणूक होतं. अडवणुकीने माणूस दोन महिने थांबतो, मग बांध फुटतो. माझा नोव्हेंबरात फुटला, एका रात्रीत ६,४०० रुपये. पासवर्ड तेव्हा अजून गीतेत गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला, दुसऱ्याच कशासाठी तरी, आणि बोलता बोलता ती म्हणाली, “यंदा सोलं कमी पडली गो, मेमध्ये अंदाज चुकला.” मी तिकडेच अडकले. आई आजही मेमध्ये पुरुमेंत करते. तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेलं हे नाव. सिंधुदुर्गात यालाच आगोटची खरेदी म्हणतात. पावसाचे चार महिने बाजारात जाता येणार नाही, होड्या समुद्रात जाणार नाहीत, म्हणून मे महिन्यात सगळं घरात भरून ठेवायचं. हरमलची किंवा खोल्याची मिरची, चिंच, सोलं, मीठ, उकडे तांदूळ, सुके बांगडे, सुंगटं. मडगावला त्याच सुमाराला पुरुमेंताचं फेस्त भरतं. आमची आई म्हापशाचा शुक्रवारचा बाजार धरते.

लहानपणी मी तिच्याबरोबर जायचे. ती निघण्याआधी आठवडाभर कोठीत फिरायची. बरण्या हलवून बघायची. गेल्या वर्षीची चिंच केवढी उरली, मीठ कशाला जास्त लागलं, यंदा मामा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येणार का. मग एका पिवळ्या कागदावर यादी. बाजारात मिरचीवालीकडे ती अर्धा तास उभी राहायची, मिरची मोडून वास घ्यायची, देठ बघायची, भाव करायची, पुढे जायची, परत यायची. पण यादीबाहेरचं काही घेताना मी तिला पाहिलेलं नाही. आणि तरी ती खूश दिसायची. बाजारातून येताना बसमध्ये तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला पार्सल उघडताना पहिली दोन मिनिटं मिळायचं.

तेव्हा मी वही केली. पद्धत अशी.

जे खाऊन किंवा वापरून संपत नाही, म्हणजे कपडे, चपला, भांडी, पडदे, हेडफोन, खेळणी, त्यातलं काहीही मनात आलं की वहीत लिहायचं. तारीख, वस्तू, अंदाजे किंमत आणि ती का हवी याची एक ओळ. घ्यायचं मात्र वर्षातून तीनदाच. मेमध्ये पावसापूर्वी, चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात, आणि डिसेंबरात. खरेदीच्या आधी एक दिवस आईसारखं घरात फिरायचं, कपाट उघडायचं, आणि मग वही वाचून जे अजून हवं वाटेल त्यावर खूण करायची.

लोक सांगतात तसं ‘२४ तास थांबा’ करून पाहिलं होतं. माझ्यासारखीला २४ तास म्हणजे दुसऱ्या रात्री साडेनऊ, त्याच पलंगावर, त्याच फोनसमोर. त्याचा उपयोग झाला नाही. चार महिन्यांत मात्र ऋतू बदलतो, आणि ऋतूबरोबर माणसाची हावही.

पहिल्या फेरीला वहीत ६४ नोंदी होत्या. घेतल्या १९. उरलेल्या ४५ मधल्या निम्म्यांकडे बघून हसायला आलं. ‘लाकडी चॉपिंग बोर्ड, अक्रोडाचा, १,८९९’, कारण : ‘कापायला बरं वाटेल’. आमच्या घरात विळी आहे. सासूबाई सोडा, मी स्वतःही विळीवरच चिरते.

‘का हवी’ ही ओळ टाळू नका. ती लिहिताना बऱ्याचदा पेन अडतं. आणि वही कागदाचीच ठेवा, फोनमध्ये नको. फोनमधल्या यादीतून दुकानापर्यंत एक बोटाचं अंतर असतं. अपवाद तीनच : औषध, शाळेला लागणारं, आणि मोडलं म्हणून घर अडलं असं काही. चप्पल तुटली तर चपलेसाठी मेपर्यंत अनवाणी फिरायला कोणी सांगत नाही. तुटलेलीच्या जागी एक.

खरेदीला शक्यतो बाजारात जा. म्हापसा, डिचोलीचा बुधवारचा बाजार, फोंड्याची मार्केट, जे जवळ असेल ते. खर्चायची रक्कम रोख घ्या आणि फोन स्कूटरच्या डिकीत ठेवा. नोट मोडताना जे काळजाला लागतं ते क्यूआर कोडला लागत नाही. जत्रेच्या फेरीचंही तसंच करा. बोडगेश्वराच्या नाहीतर लईराईच्या जत्रेत खाजं आणि मुलाला एक खेळणं एवढं तर व्हायलाच हवं, त्याचे पैसे वेगळे खिशात. त्यावर हिशेब नको.

चवथीचे पैसे

आपल्याकडे वर्षाचं गणित चवथ बिघडवते. वर्षभर नेटाने राहिलेला माणूस भाद्रपदात कार्ड काढतो. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान, मूर्ती, करंज्या-लाडवांचा किराणा, सगळ्यांना कपडे, फटाके, लेकीच्या घरी पाठवायचं वझं, पाहुणे. आणि यात कमी करा म्हणून सांगायला मी जाणार नाही, कारण माझ्याच घरात कोणी ऐकणार नाही.

तो खर्च दरवर्षी त्याच महिन्यात येतो, तरी आपण त्याला अचानक आलेला मानतो. गेल्या वर्षीचा आकडा घरातल्या सगळ्यांना बसवून काढा. आमचा २४,००० च्या आसपास आला. भागिले १२, महिन्याला २,०००. ही रक्कम बँकेत बारा महिन्यांच्या आवर्ती ठेवीत टाकली, चवथीच्या पंधरा दिवस आधी मुदत संपेल अशी तारीख धरून. तिथी मागेपुढे होते, अधिक महिना असेल तर चवथ चांगली लांबते, तेव्हा कॅलेंडर बघून तारीख ठरवा. पहिल्या वर्षी ठेवीचे पैसे हातात आले तेव्हा माटोळीच्या बाजारात मी घासाघीस न करता कवंडळं घेतली. नवरा बघतच राहिला.

कार्डाचं कर्ज असेल तर आधी ते

क्रेडिट कार्डाची थकबाकी असताना बचत करणं म्हणजे गळक्या कळशीत पाणी भरणं. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ४०,००० थकले असतील तर महिन्याचं व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२, एकूण १,६५२. तुम्ही २,००० भरून सुटकेचा श्वास सोडला तर कर्जातून गेले फक्त ३४८. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, त्या दिवसापासूनच व्याज चालू.

तेव्हा कार्ड बंद पाकिटात, आणि कुठे एखादी मुदत ठेव ७ टक्क्यांनी पडली असेल तर ती मोडून हे कर्ज फेडा. ठेव मोडायला जीव होत नाही, माझाही झाला नव्हता, पण ७ टक्के कमवायला ४२ टक्के भरण्यात अर्थ नाही.

‘नो कॉस्ट इएमआय’वरही भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात मुरलेलं असतं, आणि त्या व्याजावरचा जीएसटी आपण भरतो. पण माझी त्याबद्दलची खरी तक्रार पैशांची नाही. हप्त्यांमुळे १८,००० चा फोन १,५०० चा वाटतो. असे चार ‘पंधराशे’ माझ्याकडे एकाच वेळी चालू होते.

वाचलेले पैसे कुठे

खरेदी कमी झाली म्हणून पैसे आपोआप साठत नाहीत. ते दुसरीकडून गळतात. मी पर्स घेणं थांबवलं तेव्हा बाहेरचं जेवण वाढलं, हे कळायला तीन महिने गेले. म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी, खर्च सुरू होण्याआधी, पैसे हलवायचे.

सुरुवात हजार रुपयांनी करा, जास्त जमत असलं तरी. मी पोस्टाची आवर्ती ठेव निवडली. पाच वर्षांची, महिन्याला किमान १०० रुपये. ऑक्टोबर २०२३ पासून तिचा दर ६.७ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण तुम्ही खातं उघडता त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. हजार रुपयांचे पाच वर्षांत ६०,००० भरले तर ७१,३६६ मिळतात. यापेक्षा म्युच्युअल फंडात जास्त मिळतील असं ऑफिसातली तरुण मुलं सांगतात, आणि ती बरोबरही असतील. पण फंड फोनवरून दोन टिचक्यांत मोडता येतो. पोस्टाची ठेव तीन वर्षं मोडता येत नाही, आणि नंतर मोडली तरी बचत खात्याएवढंच व्याज. माझ्यासारखीला ती अडचणच हवी होती. अगदी गळ्याशी आलं तर बारा हप्त्यांनंतर निम्म्या रकमेचं कर्ज मिळतं.

आमच्या शेजारच्या वहिनी नोकरी करत नाहीत, त्यांना गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० येतात. आधी ते ‘कुठे जातात कळत नाही’ असं त्या म्हणायच्या. आता ते पोस्टात जातात. पाच वर्षांनी १,०७,००० च्या आसपास होतील, मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

ज्यांची मिळकत रोजची आहे, रिक्षा, गाडा, शॅकवरचं काम, त्यांच्यासाठी पिग्मी बरी. रोज दारात माणूस येतो आणि पन्नास-शंभर घेऊन जातो. १९२८ साली उडुपीत सुरू झालेली ही रीत आजही चालते याचं कारण तो माणूस रोज तोंडावर उभा राहतो हेच. फक्त पैसे कोणाकडे जातात ते बघा. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आमच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचे पैसे एका संस्थेत अडकले ते अजून अडकलेलेच आहेत. भिशीचंही तेच : माणसं घरातली असतील तर ठीक, पण ती बचतीची जागा धरू नका. आमच्या भिशीत नंबर लागला की ती रक्कम थेट सोनाराकडेच जाते, दर वेळी.

घसरलात तर

घसराल. मी गेल्या डिसेंबरात घसरले. थंडी पडलेली, ऑफिसच्या पार्टीला सगळ्या नटून येणार, आणि मी वहीबाहेरचे २,२०० चे सँडल घेतले. रात्रभर वाईट वाटलं, आणि पूर्वी अशा वेळी मी काय करायचे ते आठवलं : ‘आता गेलंच आहे’ म्हणून त्याबरोबर मॅचिंग पर्स घ्यायचे. मोडलेला उपास म्हणून दुपारी मटण खावं तसं. या वेळी वहीत लाल पेनने लिहिलं, सँडल घातले, नाचले, आणि सोमवारी २,५०० नेहमीसारखे आले.

पार्सल आलं आणि पश्चात्ताप झाला तर खोका फाडण्याआधी परत करायची मुदत बघा. परत पाठवायला कंटाळा करू नका. आमच्याकडे कुरिअरचा मुलगा देवळामागच्या वाटेने येतो, पत्ता न विचारता. एकदा परतीचं पार्सल देताना मी ओशाळून काहीतरी सबब सांगत होते, तर तो म्हणाला, “मॅडम, अर्धं गाव परत करतं.”

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. पार्सलं घरच्यांपासून लपवावी लागत असतील, खरेदीसाठी उसने पैसे घेतले जात असतील, घेतलं नाही तर हात थरथरण्याइतकी तगमग होत असेल, तर वह्या आणि खाती पुरणार नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, आणि बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात जाऊन डॉक्टरांशी बोलता येतं. तिथे जायला लोक अजून लाजतात. दातदुखीला जातो तसं जावं.

रात्रीच्या साडेनऊचं काय केलं, ते सांगायचं राहिलं. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात नेला. फोन तिथे रात्रभर असतो, आणि मी सासूबाईंबरोबर बाहेर सोप्यावर बसते. पहिले काही दिवस काय बोलायचं कळत नव्हतं. आता त्यांच्या माहेरच्या, सत्तरी तालुक्यातल्या सगळ्या भानगडी मला पाठ आहेत.

सातपैकी दोन पर्स व्हिनेगर आणि मेच्या उन्हाने वाचल्या. त्यातली तपकिरी मी रोज ऑफिसला नेते. आज वहीत सहा नोंदी आहेत : पावसाळी चपला, मुलाची स्कूल बॅग, दोन उशांचे अभ्रे, एक निळा कुर्ता, ज्याच्यापुढे ‘का हवा’ची ओळ अजून कोरी आहे, पाण्याची बाटली, आणि कुकरची रिंग. पहिल्या पाचांना मेपर्यंत थांबायचं आहे. रिंग उद्याच आणावी लागेल, डाळ शिजेपर्यंत अर्धी वाफ बाहेर जाते.